कचऱ्यातून तेल : आधी ओल पाहा, मग यंत्र घ्या

कोकणात एप्रिल-मे महिन्यांत आंब्याचा रस काढणाऱ्या कारखान्यांमागे साली आणि कोयींचे ढीग लागतात. जूनमध्ये त्यावर पाऊस पडला की ढीग कुजतात, दुर्गंधी पसरते आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू होतात. जातीनुसार आंब्याच्या वजनाचा एक तृतीयांश ते निम्मा भाग असा वाया जातो. काजूचे तर विचारूच नका. 100 किलो काजूबीमागे गर मिळतो साधारण 25 किलो. उरते ते बहुतेक टरफल.

या कचऱ्यापासून तेल बनते, हे ऐकून अनेकजण यंत्राची चौकशी करतात. तेल बनते हे खरे आहे. मात्र कोणत्या कचऱ्यातून कोणते तेल निघते हे न पाहता पैसा घातला, तर भांडवल बुडायला वेळ लागत नाही.

जैव-तेल म्हणजे काय?

वाळलेला कचरा हवा न लागू देता सुमारे 500 अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की तो पेटत नाही, त्याची वाफ होते. ही वाफ झटपट थंड केली की काळपट द्रव मिळतो. हेच जैव-तेल. सोबत कोळसा व जळाऊ वायू मिळतात. वायू त्याच भट्टीत वापरता येतो, कोळसा जळणासाठी किंवा शेतजमिनीसाठी उपयोगी पडतो.

मात्र हे तेल म्हणजे डिझेल नव्हे. ते आंबट असते, साध्या लोखंडाला खाते, फार दिवस टिकत नाही व डिझेलमध्ये मिसळत नाही. त्याची उष्णता फर्नेस ऑइलच्या निम्म्याहून कमी असते. त्यामुळे ते मुख्यतः भट्टी व बॉयलरसाठी उपयोगी आहे.

खरा प्रश्न ओलाव्याचा

या पद्धतीसाठी कचऱ्यातील ओल 10 टक्क्यांच्या आसपास लागते. आंब्याच्या ताज्या सालीत सुमारे 75 टक्के पाणी असते. म्हणजे 100 किलो साल वाळवायची तर 70 किलोहून अधिक पाणी उडवावे लागेल. हे काम जळण जाळून केले, तर मिळणाऱ्या तेलाची बहुतेक उष्णता त्यातच संपते. उन्हात वाळवायचे म्हटले तर हंगाम संपतासंपता पाऊस येतो. म्हणून ओली साल शेणात कालवून गोबरगॅस करणे किंवा तिचे खत करणे हेच परवडणारे आहे.

काजू टरफलाचा धंदा

टरफलाची गोष्ट वेगळी. ते मुळात कोरडे असते आणि वजनाच्या 20 ते 30 टक्के तेल त्यातच असते. ते घाण्यावर पिळून काढता येते. गाड्यांचे ब्रेक लायनिंग, रंग व रेझिन यांसाठी या तेलाला मागणी आहे. उरलेली पेंड जळण म्हणून विकली जाते. टरफल तसेच जाळले तर हे किमती तेल जाते आणि झोंबरा धूर पसरतो. हे तेल कातडी भाजते, म्हणून कामगारांना हातमोजे दिलेच पाहिजेत.

कोय आणि कोकमाची बी

कोयीच्या आतल्या गरात कोकोच्या लोण्यासारखी चरबी असते. युरोपीय संघाने 2000 साली चॉकलेटमध्ये 5 टक्क्यांपर्यंत चालतील अशा सहा वनस्पती चरबी ठरवल्या. त्यांत आंब्याच्या कोयीची चरबी आहे आणि कोकमाचीही. पायांच्या भेगांवर लावायला आपल्या घराघरांत असते तेच हे कोकमतेल! आमसुले करताना उरलेली बी म्हणूनच फेकू नये.

मात्र 100 किलो आंब्यामागे कोयीची चरबी किलोभरही निघत नाही आणि ती काढायला सॉल्व्हंट प्लांट लागतो. छोट्या कारखानदाराने कोयी फोडून गर लगेच वाळवावा व मोठ्या प्लांटला विकावा. गर ओला राहिला की चरबी आंबट होते, भाव पडतो.

सुरुवात कशी करावी?

प्रथम एका हंगामात साल, कोय, टरफल वेगवेगळे ठेवून वजन करा. मग गिऱ्हाईक शोधा, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा सल्ला घ्या आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीची चौकशी करा. यंत्राची ऑर्डर सर्वांत शेवटी द्यावी. ज्याचा माल कोरडा आणि वेगळा, त्यालाच या धंद्यात भाव मिळतो.