काचेपलीकडून कोणी तरी बघत असतं

मागच्या वेळी आपण खर्रा आणि तोंडाच्या कॅन्सरबद्दल बोललो, तेव्हा एका मैत्रिणीने विचारलं, "सासूला नागपूरला शेक द्यायला नेलं. तिला टेबलावर निजवून सगळे बाहेर गेले अन् जाड दार लावलं. आता ती जायला तयार नाही. म्हणते, मला एकटीला टाकून पळाले."

शेक म्हणतो, पण त्यात गरम काही नसतं. मशीनमधून गॅमा किरण येतात, काही मशीनमध्ये जोरदार एक्स-रे. दिसत नाहीत, लागत नाहीत. सासूला ते मोजून, गाठीवर नेम धरून, ठरलेले दिवसच मिळतात. मशीन चालवणारा रोज आत उभा राहिला, तर त्याला वर्षानुवर्षं विनाकारण लागतील. म्हणून तो बाहेर जातो.

हे किरण साध्या काचेतून उजेडासारखे आरपार जातात. त्यांना अडवायला जड वस्तू लागते, जसं शिसं. कोबाल्ट मशीनचे किरण निम्मे करायलाच सुमारे सव्वा सेंटिमीटर जाड शिसं लागतं. म्हणून त्या खोलीच्या भिंती एक मीटरहून जाड काँक्रीटच्या असतात. पण शिशाच्या पत्र्यातून पेशंट कसा दिसणार? मग काच बनवतानाच वाळूबरोबर शिशाचं ऑक्साइड वितळवतात. चांगल्या जड काचेत अर्ध्याहून जास्त वजन त्याचंच असतं. तेवढ्याच आकाराच्या साध्या काचेपेक्षा ती दुप्पट भरते, अन् किंचित पिवळसर दिसते. किरणांनी काच हळूहळू तपकिरी पडते. ते टाळायला तिच्यात सेरियम घालतात.

मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणु संशोधन केंद्रात अशा काचेच्या फार जाड खिडक्या आहेत. अशी काच बनवण्याचं काम कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेने केलं. एक्स-रेच्या खोलीतली छोटी खिडकी त्याच जातीची. (पोटात बाळ असेल, तर एक्स-रेआधी सांगायचंच!) शेकाच्या खोलीत मात्र बहुतेक ठिकाणी कॅमेराच असतो.

म्हणजे सासू एकटी नसते. काचेतून नाही तर पडद्यावर तिच्याकडे सतत लक्ष असतं. त्रास झाला तर कोणता इशारा करायचा, हे आधी विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी हात वर करायला सांगतात, मग मशीन थांबवून आत येतात.

आणखी एक. बाहेरून दिलेले हे किरण मशीन बंद होताच संपतात, अंगात उरत नाहीत. तिचं ताट वेगळं ठेवू नका. घरी आल्यावर नातवाला मांडीवर खुशाल घेऊ द्या.