जुन्या गाडीचा आरसा

यंत्रांच्या बाबतींत एक चमत्कारिक अनुभव बहुतेकांना येतो. मोठा बिघाड झाला तर त्याचा जाणता कोठेंतरी भेटतो. परंतु बोटाच्या पेराएवढा एखादा भाग हरवला, म्हणजे मात्र गांवोगांव हिंडूनहि तो हातीं लागत नाहीं. स्कूटरचें इंजिन उघडून पुन्हां बसविणारा मिस्त्री तालुक्याच्या गांवीं सहज मिळतो. पण तिच्या आरशांतील गोळी, रबराचें कडें किंवा चेकनट मागितला, तर तोच मिस्त्री पुरा आरसा बदलण्याचा सल्ला देतो. आणि जुन्या गाडीचा पुरा आरसा तरी कोठें मिळतो? या लहानशा प्रश्नाचा थोडा विस्तारानें विचार करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. तथापि तो जिवाशीं निगडित आहे. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यांतील करडी हें आमचें गांव. मुलूख धानाचा. कापणीनंतर धानानें भरलेले ट्रॅक्टर व मालमोटारी रस्त्यानें धांवूं लागतात, त्यांच्या मागून घाईच्या मोटारी येतात, आणि दुचाकीवाल्यास उजवीकडे वळावयाचें झालें तर मागचें दिसल्यावांचून गत्यंतर नसतें. आरसा नसला कीं तो मान वळवून पाहतो, व तेवढ्यापुरता पुढचा रस्ता त्याच्या दृष्टीआड होतो. घरांतील तरुण मंडळी संध्याकाळीं परत येईपर्यंत वडील माणसें उंबऱ्याशीं कां घुटमळतात, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना आरशाचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

आमच्या घरीं १९६० नंतरच्या दशकांतील एक बजाज स्कूटर अद्यापि चालू स्थितींत आहे. तिला आम्ही ‘इटलीची गाडी’ म्हणतों, आणि तिचें कुळ पाहतां तें नांव यथार्थ आहे. दुसऱ्या महायुद्धानें जर्जर झालेल्या इटलींत, पोंतेदेरा येथील पियाज्यो कंपनीसाठीं कोर्रादीनो दास्कानियो या विमानविद्येंत मुरलेल्या इंजिनियरानें व्हेस्पा स्कूटरची रचना केली. तिचें पेटंट १९४६ सालच्या एप्रिल महिन्यांतलें. पुढच्याच वर्षीं मिलानच्या इन्नोचेंती कंपनीची लँब्रेटा निघाली. या दोन्ही भगिनी आपल्या प्रांतांत आल्या. लँब्रेटा मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीनें आणली. व्हेस्पा बजाज कंपनीनें १९६० पासून पियाज्योच्या परवान्यानें येथेंच तयार केली. तो परवाना १९७१ सालीं संपला. १९७२ सालीं चेतक आली; नांव राणा प्रतापाच्या घोड्याचें असलें, तरी बांधणी व्हेस्पाचीच होती. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्स कंपनीची प्रिया हीहि याच घराण्यांतली. डुकाटी किंवा मोटो गुत्सी यांसारख्या इटालियन मोटारसायकली आपल्या वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या अंगणांत असतील. पण इटलीच्या वळणाची स्कूटर मध्यम स्थितींतल्या असंख्य कुटुंबांनीं वापरली आहे. तिच्यासाठीं नांव नोंदवून लोक वर्षानुवर्षें वाट पाहत असत, ही गोष्ट वडीलधाऱ्या वाचकांच्या स्मरणांत असेलच.

ही वंशावळ केवळ अभिमानासाठीं सांगितली नाहीं. भाग शोधतांना ती कामास येते. दुकानांत नुसता ‘चेतकचा आरसा’ मागितला, तर आतां त्याच नांवानें निघालेल्या विजेच्या स्कूटरचा आरसा पुढें ठेवला जाण्याचा संभव आहे. म्हणून गाडीचें नांव, सांगाड्यावरील क्रमांक, बांधणीचें वर्ष आणि आरसा कोठें बसतो, या चार गोष्टी कागदावर लिहून नेणें बरें.

आतां आरशाची रचना पाहूं. मागें धातूची वाटी, तींत काच, काचेभोवतीं कडी, कडी व काच यांमध्यें रबराचें कडें. वाटीच्या पाठीशीं गोळी, तिच्या योगानें आरसा हवा तसा कलतो. गोळीखालीं दांडी, दांडीच्या टोकास आटे, त्यांवर चेकनट, आणि कांहीं गाड्यांवर हँडलास धरणारी पकड. यांतील बहुधा एकच भाग गेलेला असतो. पण सबंध आरसा नादुरुस्त समजून टाकून दिला जातो. जुना आरसा कितीहि मोडका असला तरी तो टाकूं नये, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. नवा भाग करवून घेण्यास त्याच्याइतका उत्तम नमुना दुसरा नाहीं.

खरी मेख आट्यांत असते. इटालियन गाडीचीं मापें मिलिमीटरचीं, तर इंग्रजी वळणाच्या जुन्या मोटारसायकलींचीं इंचाचीं. आठ मिलिमीटरची दांडी आणि ५/१६ इंचाची दांडी नुसत्या डोळ्यांना सारखीच दिसते, कारण ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर. परंतु आठ मिलिमीटरच्या नेहमींच्या दांडीस दोन आट्यांमधील अंतर १.२५ मिलिमीटर असतें, आणि इंग्रजी व्हिटवर्थ मापाच्या दांडीस इंचाला अठरा आटे, म्हणजे सुमारें १.४१ मिलिमीटर. परगांवच्या एका दुकानानें आम्हांस टपालानें पाठविलेला आरसा दोन फेरे सुखानें फिरला व तिसऱ्यास अडकला, याचें कारण हेंच. अशा वेळीं पान्यानें जोर केला तर हँडलाच्या डोक्यांतील आटे कायमचे मरतात. आटे मोजण्याची पट्टी नसेल, तर खात्रीच्या मापाचा एक बोल्ट दांडीशेजारीं उजेडांत धरावा. आट्यांत आटे बरोबर बसून मधून प्रकाश दिसला नाहीं, तर माप जुळलें. कांहीं जपानी गाड्यांच्या उजव्या आरशाचे आटे उलट फिरतात, हेंहि लक्षांत असावें.

मापें हातीं असलीं म्हणजे बाजारांत जाण्यास अर्थ आहे. पुण्याची नाना पेठ सुट्या भागांसाठीं प्रसिद्ध आहे. तेथील जुन्या बाजारांत आणि मुंबईच्या चोर बाजारांत मोडक्या गाड्यांचे अवशेषहि मिळतात. परंतु आमच्यासारख्या विदर्भांतील माणसानें एका गोळीसाठीं पुण्यामुंबईचा प्रवास करणें परवडणारें नव्हे. येथें आम्हांस आमच्या जिल्ह्याचाच आधार वाटतो. भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठीं पूर्वींपासून नांवाजलेलें आहे. पितळ कातण्यास सोपें, आणि त्यास गंज चढत नाहीं. लेथवर काम करणाऱ्या एखाद्या टर्नरास जुनी गोळी व मापांसह काढलेली आकृति दिली, तर पितळेच्या कांबीतून तो तशीच गोळी कातून देऊं शकतो. पितळ लोखंडापेक्षां मऊ असल्यामुळें ती कालांतरानें झिजेल हें खरें. पण आकृति जपून ठेवली असली, तर दुसरी करण्यास अडचण ती कसली?

काचेच्या बाबतींत मात्र थोडी सावधगिरी हवी. आरसा म्हणजे काचेच्या पाठीवर चढविलेला चांदीचा पातळ थर. ही कृति जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यानें १८३५ सालीं दाखविली. कडेनें ओल शिरली कीं हा थर काळवंडतो. म्हणून नवी काच कापून आणल्यावर तिच्या कडेस व्हार्निशचा हात द्यावा. चिकटविण्यास आंबट वासाचा सिलिकॉन वापरूं नये. त्यांतील आम्ल चांदी खातें. काच पाठीमागें सर्वत्र चिकटलेली असावी, म्हणजे फुटली तरी तिचे तुकडे उडत नाहींत. घरगुती आरशाची काच सपाट असते. तींत मागची मोटार खऱ्या अंतरावर दिसते, पण रस्त्याचा थोडाच भाग दिसतो. बाहेर फुगलेल्या काचेंत रस्ता पुष्कळ दिसतो, पण मोटार लहान व म्हणून दूर असल्यासारखी भासते. काचेची जात बदलली, तर गाडी चालविणाऱ्या प्रत्येकास तें सांगितलेंच पाहिजे.

बसवितांना आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. या स्कूटरांचे गिअर डाव्या मुठीच्या फिरण्यानें बदलतात. डावीकडे पकडीचा आरसा लावावयाचा असेल, तर पकड फिरत्या मुठीवर न येतां स्थिर भागावर आली पाहिजे. नाहींतर प्रत्येक गिअरबरोबर आरसाहि फिरेल. इंजिनाच्या थरथरीनें चित्र अस्पष्ट दिसत असेल, तर आंखूड दांडी आणि चेकनटाखालीं रबराची चकती यांनीं बराच गुण येतो.

एवढ्या खटाटोपापेक्षां जुनी गाडी भंगारांत घालावी, असें म्हणणारे भेटतात. गाडी खरोखरच जीर्ण झाली असेल, तर त्यांचें म्हणणें योग्यच आहे. परंतु इंजिन, ब्रेक व चाकें धड असतां केवळ एका गोळीच्या अभावीं गाडी टाकणें किंवा, त्याहून वाईट म्हणजे, आरशावांचून ती रस्त्यावर नेणें, हे दोन्ही मार्ग शहाणपणाचे नव्हेत. आमची सूचना एवढीच कीं, प्रत्येक घरीं गाडीच्या कागदांसोबत एक लहान वही असावी. तींत अशा बारीक भागांचीं मापें, आकृति आणि तो भाग कोणीं करून दिला त्याचें नांव लिहिलेलें असावें. वडिलांची गाडी मुलास मिळते, मुलाची नातवास. तिच्याबरोबर ही वहीहि पुढच्या हातीं जाऊं द्यावी.