ओव्हिस अमॉन पोलिआय: नावातला मार्को पोलो

पामीरच्या पठारावरची मार्को पोलो मेंढी म्हणजे शिंगांचं नवल! नराचं शिंग वळणावळणाने मोजलं तर दीड मीटरच्याही पुढे जातं. पोलोने 13 व्या शतकात हिचं वर्णन केलं आणि 1841 मध्ये एडवर्ड ब्लाइथने तिला त्याचं नाव दिलं.

वाक्यात हे शास्त्रीय नाव वापरायचं कसं? 'ओव्हिस' प्रजाती, 'अमॉन' जाती, 'पोलिआय' उपजाती. 'पोलिआय' म्हणजे लॅटिनमध्ये 'पोलोची', षष्ठी विभक्तीच. म्हणून त्याला पुन्हा मराठी प्रत्यय जोडलेला मला खटकतो. 'ओव्हिस अमॉन पोलिआयचे कळप' यापेक्षा 'ओव्हिस अमॉन पोलिआय या मेंढीचे कळप' किती सहज वाटतं! पहिल्यांदा पूर्ण नाव, पुढे 'ओ. अ. पोलिआय' चालतं. छापताना तिरका टाइप.

आणि 'ओव्हिस अमॉन (लिनिअस, 1758)' यातला कंस चुकून आलेला नाही बरं का. लिनिअसने तिला बकऱ्यांच्या 'काप्रा' प्रजातीत टाकलं होतं. प्रजाती बदलली की मूळ नामकर्ता कंसात जातो.

आपल्या लडाखमधली न्यान हिचीच बहीण: ओव्हिस अमॉन हॉजसोनाय.