त्सो मोरीरी सरोवरावरील पक्षिनिरीक्षण

लडाखमधील रूपशू पठारावर, समुद्रसपाटीपासून ४,५०० मी. पेक्षा अधिक उंचीवर असलेले त्सो मोरीरी हे सरोवर स्थलांतरी पाणपक्ष्यांच्या निरीक्षणाचे महत्त्वाचे ठिकाण आहे. त्याचे क्षेत्रफळ सु. १२० चौ. किमी. असून त्यातून पाणी बाहेर वाहून जात नसल्याने ते मचूळ आहे. वितळत्या हिमाचे ओढे सरोवरास मिळतात, तेथील दलदली व कुरणे पक्ष्यांना अन्न आणि आसरा देतात. २००२ मध्ये या सरोवराचा समावेश रामसर करारातील पाणथळ प्रदेशांच्या यादीत झाला.

हिवाळ्यात सरोवर गोठते. वसंतात बर्फ वितळू लागताच पट्टकादंब, चक्रवाक, तपकिरी डोक्याचा कुरव इ. पक्षी विणीसाठी येतात व शरद ऋतूत परततात. दुर्मिळ असा काळ्या मानेचा क्रौंचही या परिसरात आढळतो.

यांपैकी पट्टकादंबाचा प्रवास विशेष अभ्यासिला गेला आहे. डोक्यावरील दोन काळ्या आडव्या पट्ट्यांवरून हा हंस सहज ओळखता येतो. त्याच्या रक्तातील हीमोग्लोबिन विरळ हवेतूनही ऑक्सिजन कार्यक्षमतेने ग्रहण करते. उपग्रहाद्वारे केलेल्या मागोव्यात तो ७,००० मी. पेक्षा अधिक उंचीवरून उडाल्याची नोंद आहे. तथापि एरवी तो खिंडी व दऱ्यांचा आश्रय घेऊन शक्य तितक्या कमी उंचीवरून हिमालय ओलांडतो. ही जाती हिवाळ्यात महाराष्ट्रातील नांदूर मधमेश्वर, जायकवाडी, उजनी इ. जलाशयांवरही दिसते.

दुपारनंतर वारा वाढत असल्याने निरीक्षणास सकाळची वेळ सोयीची असते. पट्टकादंब व कुरव सरोवरातील बेटांवर जमिनीवरच घरटी करतात, तर क्रौंच दलदलीत घरटे बांधतो. माणूस फार जवळ गेल्यास उबविणारा पक्षी घरटे सोडतो. उघडी पडलेली अंडी गारठतात किंवा भक्षकांच्या तोंडी पडतात. पर्यटकांच्या व छावण्यांच्या उष्ट्यावर पोसलेली भटकी कुत्रीही अंडी आणि पिले खातात. येथील उन्हाळा अल्प असल्याने वीण फसलेल्या जोडीस पुन्हा अंडी घालून पिले वाढविण्यास क्वचितच अवधी मिळतो. म्हणून कुरणात न शिरता, दुर्बिणीच्या साहाय्याने दुरूनच निरीक्षण करणे आणि खाद्यपदार्थांचा कचरा मागे न ठेवणे आवश्यक ठरते.