बाबा ‘मदत’ करतो, म्हणजे नक्की काय करतो?

(या भागाचं लेखी रूप. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

सुरुवात माझ्याच फजितीने करतो. मुलगी साडेतीन महिन्यांची होती. लस झालेली, अंगात ताप, आणि बायको बाळंतपणानंतर पहिल्यांदाच मैत्रिणीकडे गेलेली. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, “वजन किती आहे बाळाचं?” मला माहीत नव्हतं. लसीचं कार्ड कुठल्या कप्प्यात आहे, तेही नाही. शेवटी बायकोलाच फोन लावला. आणि मी ऑफिसात काय सांगत होतो? “मी घरी खूप मदत करतो.”

आता मदत आपण दुसऱ्याच्या कामात करतो. आपल्याच पोरीला आंघोळ घालणं ही मदत कशी?

जरा आकडे बघू. केंद्र सरकारने २०२४ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली, म्हणजे कोण दिवसभरात कशावर किती वेळ घालवतं याची. १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बायका घरातल्यांची देखभाल करतात, रोज साधारण १४० मिनिटं. पुरुष २१.४ टक्के, ७४ मिनिटं. (यात म्हातारी माणसंही आली.) वरवर वाटतं, फरक दुप्पटच आहे. पण ही मिनिटं फक्त करणाऱ्यांची. न करणारेही धरून सरासरी काढा: बाईच्या वाट्याला ५७ मिनिटं, पुरुषाच्या वाट्याला १६. म्हणजे साडेतीन पटींहून जास्त!

हे होतं कसं? माझ्या मते आपल्याकडे याची सुरुवात माहेरी होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे बाई तीन महिने तिकडे. मालिश, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सगळं छान. बाबा शनिवारी येणार, फोटो काढणार, रविवारी परत. आईलाही आधी काहीच येत नसतं हो! पण रडणं भुकेचं की पोटदुखीचं, हे ती त्या दिवसांत शिकते. बाबा शिकत नाही. मग घरी आल्यावर सगळे म्हणतात, “तिलाच जमतं.”

कायदाही तेच धरून चालतो. २०१७ च्या दुरुस्तीने आईची पगारी रजा २६ आठवडे झाली. बाबाला? केंद्र सरकारी कर्मचारी असेल तर १५ दिवस. खासगी कंपनीवर सक्तीच नाही, काही आपणहून देतात.

स्वीडनची गोष्ट इथे कामाची आहे. तिथे १९७४ पासून रजा आई-बाबा दोघांना वाटून घेता यायची, पण घ्यायच्या मुख्यतः आयाच. मग १९९५ मध्ये एक महिना असा ठेवला की दुसऱ्याला देता येत नाही, वापरला नाही तर गेला. बाबा रजा घ्यायला लागले! २००२ मध्ये दुसरा महिना आला, २०१६ मध्ये तिसरा.

आमच्या घरी असा कायदा नाही, तर आम्हीच केला. रविवारी सकाळी आठ ते एक बायको बाहेर, आणि जाताना सूचना द्यायच्या नाहीत. पहिल्या रविवारी मी तिला सहा फोन केले. तिला सगळ्यात अवघड गेलं ते काय? सहाव्या फोनला “थांब, मी येते” न म्हणणं. आणि माझी आई अजूनही विचारते, “सूनबाई कुठे गेली बाळाला टाकून?” टाकून! अगं, मी आहे ना घरात.

लसीचं खातं आता माझ्याकडे आहे. पुढची गोवर-रुबेलाची, नऊ महिने पूर्ण झाल्यावर. कार्ड डाव्या कपाटात, वरच्या कप्प्यात. वजन सात किलो आठशे.

पुढच्या भागात पाळणाघरांबद्दल बोलू. आत्ता ती उठली, मी पळतो.