२३ वरून २२ वर

२९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसमधला चार्ली क्लाइन हा विद्यार्थी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या संगणकात शिरू पाहत होता. ‘लॉगिन’ची एल आणि ओ ही अक्षरं पोचली आणि पलीकडचा संगणक कोलमडला. तासाभराने जमलं.

पुढे दूरच्या संगणकात शिरण्यासाठी टेलनेट रुळलं. तेही माणसाला धरूनच घडलेलं: पलीकडून पासवर्ड विचारायचा, इकडून माणसाने द्यायचा. हेच प्रोग्रॅमकडून करून घ्यायचं तर? डॉन लिब्ज यांच्या १९९० च्या ‘एक्स्पेक्ट’ने वाट काढली: अमुक अक्षरं उमटेपर्यंत थांब, उमटली की तमुक पाठव. युक्ती सुंदर, पण पासवर्ड बहुधा फाइलीत उघडा पडून असे आणि टेलनेटच्या तारेवरूनही उघडाच जाई. बर्कलीच्या ‘आरएसएच’ने तर ओळखीच्या यंत्राला पासवर्ड विचारणंच सोडलं. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म हा आपोआप फैलावणारा प्रोग्रॅम पसरला, त्याच्या वाटांपैकी ही एक.

१९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तिथले संशोधक तातू इलोनेन यांनी टेलनेटऐवजी वापरायचं, तारेवरचं सगळं एन्क्रिप्ट करणारं एसएसएच लिहिलं. एफटीपीचं पोर्ट २१, टेलनेटचं २३. मधलं २२ रिकामं होतं, ते त्यांनी जुलैत मागून घेतलं.

एसएसएच म्हटलं की लोकांना एन्क्रिप्शन आठवतं. मला किल्ल्यांची जोडी अधिक मोलाची वाटते. खासगी किल्ली आपल्या यंत्रातच राहते. ती जवळ असल्याचा पुरावा तेवढा पलीकडे जातो. रात्री दोनला एकट्याने चालणाऱ्या प्रोग्रॅमला यामुळे पासवर्ड बाळगावा लागत नाही.

पण पलीकडे खरोखर तोच संगणक आहे ना? माणसाला एसएसएच हे पहिल्या भेटीत विचारतं. प्रोग्रॅमला विचारून काय उपयोग? पायथनमधून एसएसएच वापरायची पॅरामिको ही लायब्ररी अनोळखी संगणक आपणहून नाकारते, आणि तेच योग्य आहे. तरी ‘ऑटोअ‍ॅडपॉलिसी’ची एक ओळ घालून ही राखण सर्रास उठवली जाते. कोड तपासताना ती दिसली की मला अजून वाईट वाटतं. ओळखीच्या संगणकांच्या किल्ल्यांची नोन-होस्ट्स ही फाइल आधी भरून ठेवायला कितीसा वेळ लागतो?

अर्थात राखण करणाऱ्यावरही राखण लागते. मार्च २०२४ मध्ये सॉफ्टवेअर अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचचं लॉगिन सुमारे अर्ध्या सेकंदाने मंदावलेलं जाणवलं. ते कारण शोधत गेले आणि एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत कुणीतरी पेरलेलं चोरदार सापडलं.