हुद्द्याच्या चौकटीतील चौकशी

युद्धकाळातील कैद्यांच्या छळाची चौकशी लष्कर स्वतःच करते तेव्हा तिची धाव कुठवर जाणार हे बहुधा पुराव्यावरून नव्हे, तर नेमणुकीच्या आदेशावरूनच ठरते, आणि इराकमधील अबू ग्रैब तुरुंगाच्या प्रकरणात हे जितके उघड झाले तितके क्वचितच इतरत्र झाले असेल. १३ जानेवारी २००४ रोजी जोसेफ डार्बी या अमेरिकी सैनिकाने छळाच्या छायाचित्रांची सीडी लष्कराच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे दिली आणि महिनाअखेरीस मेजर जनरल अँटोनिओ टगूबा यांची नेमणूक झाली. मात्र ही फौजदारी तपासापेक्षा वेगळी, प्रशासकीय स्वरूपाची चौकशी होती आणि तिची कार्यकक्षा ८००व्या लष्करी पोलीस ब्रिगेडपुरती, म्हणजे कोठडीवर पहारा देणाऱ्यांपुरती, आखलेली होती. कैद्यांची उलटतपासणी घेणारे लष्करी गुप्तवार्ता विभागाचे अधिकारी तिच्या बाहेर राहिले. तरीही कर्नल थॉमस पॅपस, लेफ्टनंट कर्नल स्टीव्हन जॉर्डन आणि दोन कंत्राटी कर्मचारी या छळाला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे जबाबदार असावेत, असा संशय टगूबा यांनी अहवालात स्पष्टपणे नोंदवला.

सैन्याच्या नियमांनुसार पहारा आणि उलटतपासणी ही कामे वेगळी ठेवावी लागतात, कारण कैद्याची देखभाल करणाऱ्यालाच त्याला 'बोलता करण्याची' घाई लागली की संरक्षण उरत नाही. १९ नोव्हेंबर २००३च्या आदेशाने मात्र संपूर्ण तुरुंग गुप्तवार्ता ब्रिगेडच्या ताब्यात गेला. टगूबांनी या आदेशावर नेमके बोट ठेवले. अर्थात कुप्रसिद्ध छायाचित्रांपैकी बरीच त्याआधीची असल्याने, सारा दोष या एका कागदावर टाकता येत नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते.

पुढे गुप्तवार्ता ब्रिगेडच्या चौकशीसाठी मेजर जनरल जॉर्ज फे नेमले गेले. ज्याच्या वर्तनाची चौकशी करायची त्याच्याहून चौकशी अधिकारी ज्येष्ठ असावा, असा दंडक असल्यामुळे इराकमधील सेनाप्रमुख लेफ्टनंट जनरल रिकार्डो सांचेझ यांच्यापर्यंत फे पोहोचू शकत नव्हते, म्हणून लेफ्टनंट जनरल अँथनी जोन्स यांना सोबत घ्यावे लागले. ऑगस्ट २००४च्या त्यांच्या अहवालाने वरिष्ठांच्या देखरेखीतील उणिवा मान्य केल्या, तरी एप्रिल २००५मध्ये लष्कराच्या महानिरीक्षकांनी सांचेझ यांना निर्दोष ठरवले. अकरा सैनिकांना शिक्षा झाल्या, त्यांपैकी सर्वांत मोठी दहा वर्षांची. ब्रिगेडियर जनरल जॅनिस कार्पिन्स्की यांची कर्नलपदी पदावनती झाली. लष्करी न्यायालयात उभे राहिलेले एकमेव अधिकारी जॉर्डन यांच्यावरील खोट्या जबानीचा आणि तपासात अडथळा आणल्याचा हे दोन्ही आरोप २००७मध्ये रद्द झाले, कारण जबानीपूर्वी फे यांनी त्यांना त्यांचे हक्क समजावून सांगितलेच नव्हते. छळासंबंधीच्या आरोपांतूनही ते सुटले.

कंत्राटी कर्मचारी तर तेव्हा लष्करी न्यायालयाच्या अधिकाराबाहेरच होते. उलटतपासणीसाठी माणसे पुरवणाऱ्या 'सीएसीआय' कंपनीविरुद्ध तीन इराकी वादींनी दिवाणी दावा लावला आणि व्हर्जिनियातील ज्यूरीने नोव्हेंबर २०२४मध्ये त्यांना ४ कोटी २० लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. वादींपैकी एक पत्रकार, दुसरा शाळेचा मुख्याध्यापक आणि तिसरा फळविक्रेता होता.